ओझर मिग ते तिबिलिसी, गाडीनं

लहानपणी मला वाटायचं मिग हे गावाचं नाव आहे. तसं ते चूकही नव्हतं म्हणा, नाशिकजवळच्या आमच्या ओझरच्या एसटीच्या पाटीवर 'ओझर मिग' लिहिलेलं असायचं, कंडक्टर "चला मिगवाले उतरा" ओरडायचा, आजोळी कोणी विचारलं कुठं राहतो रे तर मी सांगायचो मिगला. विमानालाही मिगच म्हणतात हे कळलं तेव्हा माझा समज झाला की विमानाला आमच्या गावाचं नाव दिलंय. पैठणची पैठणी, तसं मिगचं मिग. हे मी विश्वासानं पिंट्याला सांगितलं आणि त्यानं मधल्या सुट्टीत अख्ख्या वर्गाला, आणि पुढं दहावीपर्यंत मी 'पैठणी' ह्याच नावानं ओळखलो गेलो.

तर हा पिंट्या आता तिबिलिसीत असतो. जॉर्जिया देशाची राजधानी. तिकडं आपली मेडिकलची पोरं ढिगानं जातात, त्यांना डाळ-भात-पोळी लागते, तर पिंट्या तिथं मेस चालवतो. पाच वर्षं झाली फोन केला की एकच, "ये ना भो, कधी येतो?" शेवटी २०२५ चा दसरा झाल्यावर निघालो, मी आणि बायको. येरेवानचं तिकीट त्या आठवड्यात तिबिलिसीपेक्षा बरंच स्वस्त होतं, आणि नकाशात दोन्ही शहरं शेजारी दिसतात, तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. नाशिकहून पुण्याला जाऊन थोडं पुढं गेल्यासारखं. म्हटलं आर्मेनियात उतरू, गाडी भाड्यानं घेऊ, रमतगमत बॉर्डर ओलांडू आणि पिंट्याच्या दारात हॉर्न वाजवू. दोन्ही देशांबद्दल आम्हाला शून्य माहिती. आईनं विचारलं आर्मेनिया कुठं आलं, तर मी म्हटलं रशियाच्या खाली, आणि ती म्हणाली खाली म्हणजे किती खाली. ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आरटीओतून एक हजार भरून इंटरनॅशनल परमिट काढलं, दोन्हीकडचे ई-व्हिसा काढले, आणि मग खरी तयारी म्हणजे फराळ. दिवाळीला वेळ होता पण पिंट्याला आईच्या हातचं पाहिजे म्हणून नवरात्रातच चकल्या, चिवडा, अनारसे. विमान शारजावरून होतं आणि तिकडं खसखस चालत नाही, अजिबात नाही, पकडतात. म्हणून अनारसे बिनखसखशीचे. आई ते करताना इतकी चिडली होती की विचारू नका. तिच्या मते हा अनारसा नव्हेच.

अजून एक गोष्ट आधी सांगायला पाहिजे. २६ सप्टेंबरला, म्हणजे आम्ही निघायच्या आठवडाभर आधी, एअर फोर्सनं मिग-२१ ला चंदीगडला निरोप दिला. १९६३ साली पहिलं स्क्वाड्रन चंदीगडलाच उभं राहिलं होतं, निरोपही तिथंच. पप्पा सकाळपासून टीव्हीसमोर. १९७९ ला एचएएलला, म्हणजे सरकारी विमान कारखान्याला, चिकटलेला माणूस, आख्खी नोकरी ओझरला. तो कारखानाच मुळात १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि सांगाडा आमच्याकडे. पप्पा रिव्हेटिंगला, म्हणजे पत्रे ठोकून जोडायला होते, त्या गननं उजवा कान गेलाय, आता डावीकडून बोलावं लागतं. टीव्हीवर ती अँकर सारखी 'उडती शवपेटी' म्हणत होती. पप्पा शेवटी म्हणाले, "विमान वाईट नव्हतं, वय झालं होतं. माणसाला साठाव्या वर्षी घरी बसवता आणि ह्याला बासष्ट वर्षं पळवलंत." आणि टीव्ही बंद केला. जेवले नाहीत नीट त्या दिवशी.

येरेवानला उतरलो ४ तारखेला. गुलाबी दगडाचं शहर आहे, टफ नावाचा ज्वालामुखीचा दगड, सकाळच्या उन्हात सगळ्या बिल्डिंगा गुलाबी आणि संध्याकाळी विटकरी. इसवी सन पूर्व ७८२ मध्ये वसलेलं, म्हणजे रोमपेक्षा जुनं, हे तिथला प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. आणि समोर अरारात. ५१३७ मीटरचा बर्फाचा डोंगर, नोहाची नौका टेकली म्हणतात तो. ह्या लोकांचा देवच तो, राजमुद्रेवर तो, ब्रँडीच्या बाटलीवर तो, पण डोंगर आहे तुर्कस्तानात आणि बॉर्डर १९९३ पासून बंद. म्हणजे समजा रोज गच्चीवरून पांडवलेणीचा डोंगर दिसतोय आणि जायचं म्हटलं तर दुसऱ्या देशातून वळसा घालून. बायको बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "हे लोक खिडक्या तरी कशाला ठेवतात तिकडं."

गाडी घेतली. छोटी पांढरी, दोन डेंट आधीचेच, फोटो काढून ठेवले. आता उजव्या बाजूनं चालवायचं हे डोक्याला कळतं पण हाताला कळत नाही, आणि इंडिकेटरची दांडी आपल्या उलट्या बाजूला, त्यामुळे प्रत्येक वळणावर माझे वायपर चालू. कडकडीत ऊन आणि मी वायपर मारत येरेवानच्या सर्कलमधून फिरतोय. नाशिकच्या द्वारका सर्कलला जो गाडी चालवतो तो जगात कुठंही चालवेल असा माझा बाणा होता, तो पहिल्या अर्ध्या तासात गळाला. बायकोचं काम एकच, दर दोन मिनिटांनी "उजवीकडे!" ओरडायचं. गंमत म्हणजे तिकडं जपानहून आलेल्या जुन्या गाड्याही पुष्कळ, त्यांचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. त्या ड्रायव्हरांकडे बघून मला भाऊबंद भेटल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सेवान तलाव. हा तलाव १९०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शेंड्यापेक्षा अडीचशे मीटर वर, आणि आकार १२०० चौरस किलोमीटरच्या पुढं. आपल्याला गंगापूर धरण म्हणजे समुद्र वाटायचा लहानपणी. तिथं टेकाडावर इसवी सन ८७४ मधला मठ आहे, तो मुळात बेटावर होता. सोव्हिएत काळात शेतीला आणि विजेला इतकं पाणी उपसलं की पातळी वीसेक मीटरनं खाली गेली आणि बेट जमिनीला येऊन चिकटलं, आता पायऱ्या चढून सरळ चालत जायचं. वारा असा की चकली हातातून उडाली. एक. बाकीचा डबा मी लगेच बंद केला.

सेवानहून पुढं एक बोगदा लागतो, दोनेक किलोमीटरचा. अलीकडं उघडे बोडके पिवळे डोंगर, आणि पलीकडं निघालो तर एकदम दाट जंगल, पानं लाल-तांबडी, धुकं, थंडी. इगतपुरीच्या बोगद्यातून कसाऱ्याकडं उतरताना पावसाळ्यात होतं ना, तसं. दिलिजानला एका आजींच्या घरी राहिलो. आजींना इंग्रजी येत नाही, आम्हाला आर्मेनियन येत नाही. सकाळी त्यांनी वाटीत काळं काळं काहीतरी दिलं, कोवळ्या अक्रोडाचं, पाकातलं, आणि बोट दाखवून म्हणाल्या, "मुराबा." बायको म्हणाली, "मुरांबा?" "मुराबा." "मुरांबा!" असं पाच मिनिटं चाललं, दोघी हसतायत, मी मध्ये पाव खातोय. आभार मानायला त्यांचा स्वतःचा एक शब्द आहे, तो इतका लांब आहे की ते स्वतःच कंटाळून 'मेर्सी' म्हणतात, फ्रेंचसारखं. आम्हीही तेच म्हटलं आणि निघालो.

६ तारीख, सोमवार, कोजागिरी. पिंट्याचा मेसेज, "दूध आटवायला टाकतोय, आठच्या आत ये." आरामात पोचू म्हटलं.

रस्ता वनाद्झोरवरून देबेद नदीच्या घळीत उतरतो. दोन्ही बाजूला सरळ कडे, खाली नदी, आणि मध्ये रस्ता आणि रेल्वे अंग चोरून चाललेत. २०२४ च्या मे मध्ये ह्या नदीला मोठा पूर आला होता, पूल-रस्ते वाहून गेले, ठिकठिकाणी नव्या भिंती आणि ताजं डांबर दिसत होतं. मी काठाकडं बघत होतो की नाशिकच्या गोदाकाठासारखा ह्यांचा दुतोंड्या मारुती कुठं असेल, पाणी कुठपर्यंत आलं हे कशावरून सांगत असतील हे लोक. मग अलावेर्दी, तांब्याच्या खाणीचं गाव, गंजलेला कारखाना, बंद पडलेली केबल कार. तिथून वर पठारावर सनाहीन नावाचं खेडं, तिथं दहाव्या शतकातला मठ आहे, युनेस्कोच्या यादीतला. बायकोला तो बघायचा होता. मला नव्हता, खरं सांगतो. दोन दिवसात इतके मठ झाले होते की नाशिकला आलेल्या पाहुण्याला सहाव्या मंदिरात नेल्यावर त्याचं जे होतं ते माझं झालं होतं. पण गेलो. मठ सुंदर आहे, काळोखा, गार, जमिनीत सगळ्या थडग्यांच्या शिळा आणि लोक त्यावरूनच चालतात. बघून झाला आणि गावातून उतरायला लागलो.

आणि एका वळणावर मला घरांच्या मध्ये एक शेपूट दिसलं.

मी ब्रेक मारला. वायपर पण चालू झाले. बायको म्हणाली काय झालं, कुत्रं आलं का. मी म्हटलं, "ते आपलं विमान आहे." "आपलं म्हणजे?" मला नीट सांगताच येईना. अहो ते शेपूट मी डोळे झाकून ओळखीन, कॉलनीत शाळेच्या वरून जायचं तेव्हा बाई शिकवायच्या थांबायच्या, फळ्यावर खडू टेकवून तशाच उभ्या राहायच्या आवाज जाईपर्यंत. ते मिग-२१ होतं. आर्मेनियाच्या डोंगरातल्या एका खेड्यात, अक्रोडाची झाडं आणि कोंबड्या असलेल्या गल्लीत.

मोबाईलवर शोधलं तेव्हा उलगडलं. मिग म्हणजे मिकोयान आणि गुरेविच, हे जीकेच्या पुस्तकात पाठ केलं होतं, पण मिकोयान कुठला हे कधी डोक्यातही आलं नाही, रशियन असणार म्हणून सोडून दिलेलं. तर आर्टेम मिकोयान ह्याच सनाहीनचा, जन्म १९०५ चा. वडील सुतार, आई गालिचे विणायची. त्याचा मोठा भाऊ अनास्तास, तो राजकारणात, स्टालिनच्या काळात टिकला आणि १९६४-६५ मध्ये तर सोव्हिएत युनियनचा राष्ट्रप्रमुख होता. दोघा भावांचं संग्रहालय आहे गावात, आणि अंगणात हे विमान. मिग हे गावाचंच नाव आहे असं समजणाऱ्या पोराला तीस वर्षांनी ते गाव सापडलं होतं, फक्त ते ओझरला नव्हतं.

संग्रहालयाला कुलूप. शेजारच्या अंगणात एक मावशी कपडे वाळत घालत होत्या. मी गेटजवळ घुटमळतोय बघून आल्या. मी फोनवर रशियनमध्ये भाषांतर करून दाखवलं, 'माझ्या वडिलांनी भारतात ही विमानं बनवली.' त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. "हन्दकस्तान?" म्हणजे हिंदुस्तान का. मी मान हलवली. त्यांनी कोणाला तरी फोन लावला, जोरजोरात बोलल्या, आणि दहा मिनिटांनी एक पोरगा सायकलवरून चावी घेऊन आला.

पप्पांना व्हिडिओ कॉल केला. आपल्याकडं दुपारचे दीड-दोन, जेवून आडवे झालेले. आधी त्यांना वाटलं आमचा ॲक्सिडेंट झाला. मग मी कॅमेरा फिरवला.

काहीच बोलले नाहीत. मला वाटलं नेट गेलं. मग, "फोन सरळ धर. हलवू नको." मग आईला हाक, "अगं चष्मा दे." आणि मग जे सुरू झालं ते पाऊण तास. "नाकातला कोन दाखव. तो सरकतो बरं का, पुढंमागं होतो उडताना. आता पंखाखाली जा. वाक ना जरा. ते पॅनल बघ, कडेचे स्क्रू किती आहेत मोज. मोज म्हणतो ना." मी परदेशात, शर्टाला धूळ, विमानाच्या पोटाखाली उकिडवा बसून स्क्रू मोजतोय आणि मावशी आणि सायकलवाला पोरगा शांतपणे बघतायत, जणू पाहुणे आले की हेच करतात. "रंग भलताच फासलाय," पप्पा म्हणाले. "आणि तो जोड बघ, पोटावरचा. तिथं हात जात नाही. आम्ही तिथं बारीक हाताचा पोरगा बघून घालायचो." मी त्यांना विमानाबद्दल इतकं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. घरी कामाचं बोलायचे नाहीत, सिक्युरिटीचं कारण सांगायचे, आणि आम्हीही कधी विचारलं नाही हेही खरं.

मग मी सांगितलं की मिकोयान ह्या गावचा, वडील सुतार होते त्याचे. पप्पा म्हणाले, "सुताराचा पोरगा? मग बरोबरे." थोडं थांबून, "साहेबांच्या घरी कोणी आहे का आता?" ह्याला ते साहेब म्हणाले ह्याचं मला काय झालं ते लिहिता येत नाहीये. शेवटी म्हणाले नंबर शोध, प्लेट असते, त्यावर कारखान्याचा नंबर असतो. मी सगळीकडं बघितलं, मला सापडली नाही, रंगाखाली गेली असेल. "असते," ते म्हणाले. "तुला दिसत नाही." आणि झोपायला गेले.

मावशींनी कॉफी पाजली, आपल्या मसाल्याच्या वाटीएवढ्या कपात, तळाला गाळ. आम्ही चिवडा दिला. तिखट लागला त्यांना, पण संपवला.

मग बॉर्डर. सादाखलो. तिथं ड्रायव्हरनं गाडीतून जायचं आणि बाकीच्यांनी उतरून चालत दुसऱ्या दारानं. बायको पासपोर्ट घेऊन गेली आत. माझी गाडी आली तर भाड्याच्या कंपनीनं दिलेल्या पत्रावर गाडीच्या नंबरातला एक आकडा चुकलेला. एकच आकडा. त्यांना फोन, ते उचलेनात, उचलला तर म्हणे उद्या सकाळी साहेब येतील. बायको जॉर्जियात, मी आर्मेनियात, मधे कुंपण, तिच्या फोनला रेंज नाही, आणि पैसे, फराळ, जॅकेटं सगळं माझ्याकडं. दोन तास. शेवटी त्यांनी सुधारलेलं पत्र मोबाईलवर पाठवलं आणि तिथल्या अधिकाऱ्यानं मेहेरबानी केली. पलीकडं जॉर्जियाचा गाडीचा विमा काढायचा, तो झाला, मग कस्टमच्या बाईंनी फराळाची पिशवी उघडली. चकली वर उचलून उजेडात धरली. हे काय? मी म्हटलं स्नॅक. ही गोल का आहे? आता ह्याचं काय उत्तर देणार. मी एक मोडून खाल्ली, त्यांनी एक खाल्ली, शिक्का बसला. बायको पलीकडं एका बाकावर थंडीनं कुडकुडत बसलेली, मला बघून पहिलं वाक्य, "उजवीकडे घे."

तिबिलिसीत शिरायला साडेदहा वाजले. पिंट्या रस्त्यावर येऊन उभा होता, टक्कल पडलंय त्याला, मला आधी ओळखूच आला नाही. "काय पैठणी! वहिनी, ह्यानं तुम्हाला सांगितलं का पैठणीचं?" वर गच्चीवर वीस-पंचवीस पोरं, लातूरची, जळगावची, केरळची, पातेल्यात दूध, वर लख्ख चंद्र. जॉर्जियनमध्ये वडिलांना 'मामा' म्हणतात, हे पिंट्यानं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, त्याच्या घरमालकाची पोरगी बापाला मामा मामा म्हणून हाका मारते तेव्हा त्याला अजूनही कसंतरी होतं म्हणे. अनारसा खाल्ला आणि म्हणाला, "खसखस कुठंय?" मी म्हटलं आईसमोर बोल हे.

पुढचे चार दिवस तिबिलिसीत गंधकाच्या गरम पाण्याचे हमाम, काखेती नावाच्या भागात द्राक्षं. आपल्याकडं ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळ धरायची छाटणी, चालू होते आणि ह्यांच्याकडं ऑक्टोबरात काढणी, मातीचे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरून त्यात वाइन करतात, आठ हजार वर्षांची पद्धत म्हणतात. त्यावर वेगळं लिहीन, द्राक्षवाल्या मंडळींनी वाचण्यासारखं आहे.

पण त्या रात्री पोरं गेल्यावर मी पिंट्याला सनाहीनचं सांगितलं. त्याचे वडीलही मिगलाच, पप्पांच्या शेजारच्या शॉपला, २०२० मध्ये गेले. पिंट्याला त्या वेळी येता आलं नाही, विमानं बंद होती. त्यानं फोटो बघितले. झूम करून बघितले. "हे कुठं म्हणाला?" अलावेर्दीच्या वर. "मी तीन वेळा गेलोय भो त्या रस्त्यानं, मसाले आणायला. खालून." मग उठला आणि भांडी घासायला लागला, मेसला दोन बायका आहेत भांड्याला, तरी.

आम्ही परत आलो त्याला आता दोन आठवडे होतील. परवा रात्री पिंट्याचे अकरा फोटो आले, मला नाही, डायरेक्ट पप्पांना. रविवारी मेस बंद ठेवून एकटा गेला होता. दहा फोटो विमानाचे, अकरावा कुठल्यातरी झाकणाच्या आतला, अंधारा, मोबाईलचा टॉर्च मारलेला, त्यात एक गंजकी पट्टी आणि तिच्यावर काहीतरी ठोकलेलं. खाली लिहिलंय, 'काका हाच का नंबर?'

पप्पांनी अजून रिप्लाय दिलेला नाही. निळ्या टिका आल्यात. काल दुपारी बघितलं तर खिडकीत बसून फोनवर भिंग धरलं होतं.